आईने शोधलेले घर आणि मुलाने मानलेले घर : ‘मातृदेवो भव’ ते ‘नाळ’ या चित्रपटांतील अनाथ बालकाच्या चित्रणाचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

चित्रपट हे समाजमनाचे प्रतिबिंब असते, असे विधान वारंवार केले जाते. ते पूर्णांशाने खरे नाही. समाजाला जे पाहावेसे वाटते त्याचे प्रतिबिंब चित्रपटात अधिक पडते आणि जे पाहणे जड जाते ते चौकटीबाहेर राहते. अनाथ बालकाचे चित्रण हे याचे ठळक उदाहरण आहे. अनाथ मूल भारतीय चित्रपटात सुरुवातीपासून आहे. मात्र त्याच्याकडे पाहून रडणाऱ्या प्रौढांवरच कॅमेरा अधिक काळ स्थिरावतो. प्रस्तुत लेखात ‘मातृदेवो भव’ (१९९३) हा तेलुगू कौटुंबिक चित्रपट, त्याच कथेवरील मराठी ‘चिमणी पाखरं’, ‘मी सिंधुताई सपकाळ’ (२०१०) आणि ‘नाळ’ (२०१८) हे चित्रपट एकत्र ठेवून एकच प्रश्न विचारला आहे : मुलाला घर मिळाले, असे केव्हा म्हणावे? घर शोधणाऱ्या प्रौढाचे समाधान झाले म्हणजे, की मुलाने त्या घराला आपले मानले म्हणजे?

हा प्रश्न हिंगोलीत बसून विचारण्यास दोन कारणे आहेत. पहिले कारण भाषिक शेजाराचे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मराठवाडा व तेलंगण एकाच राज्यात नांदत होते. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील देगलूर, बिलोली, धर्माबाद या तालुक्यांत तेलुगू आजही कानावर पडते. तेलुगू चित्रपट आपल्याला परका नाही. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारी कुटुंबे, शेतीच्या अरिष्टात कर्ता पुरुष गमावलेली घरे आणि २०२० व २०२१ मधील करोना साथीत आईवडील गेलेली मुले आपल्या भागात आहेत. आजी, मामा, चुलते किंवा वसतिगृह यांच्या आधाराने वाढलेली अशी मुले आपल्या महाविद्यालयांच्या वर्गांतही बसतात. त्यामुळे या चित्रपटांची समीक्षा हा आपल्यासाठी केवळ रसास्वादाचा विषय राहत नाही.

एका कथेचा प्रवास

‘मातृदेवो भव’ची कथा मूळची तेलुगू नाही. सिबी मलयिल यांचा मल्याळम ‘आकाशदूतु’ हा चित्रपट १९९३ मध्ये आला आणि त्याच वर्षी के. अजय कुमार यांनी ती कथा तेलुगूत आणली. दोन्ही चित्रपटांत आईची भूमिका माधवी यांनी केली. तेलुगूत पित्याच्या भूमिकेत नासर होते. १९९४ मध्ये कन्नडमध्ये ‘करुळिन कूगु’ आणि २००८ मध्ये हिंदीत ‘तुलसी’ हे चित्रपट याच कथेवर आले. या शतकाच्या आरंभी महेश कोठारे यांनी ‘चिमणी पाखरं’ या नावाने ती मराठीत आणली व त्यात पद्मिनी कोल्हापुरे यांनी आईची भूमिका केली. या सर्वांच्या मागे ‘हू विल लव्ह माय चिल्ड्रेन?’ हा १९८३ चा अमेरिकन दूरचित्रवाणीपट आहे, असे मानले जाते. आयोवा राज्यातील लुसिल फ्रे या कर्करोगग्रस्त स्त्रीने मृत्यूपूर्वी आपल्या दहा मुलांसाठी घरे शोधली, ही त्यामागील सत्यकथा होय.

कथेचा सांगाडा थोडक्यात असा : एक गरीब, प्रेमळ जोडपे व त्यांची चार मुले. पती व्यसनी पण मायाळू. त्याचा खून होतो. पाठोपाठ आईला आपल्या असाध्य आजाराची जाणीव होते. जवळचे नातेवाईक नाहीत. मग ती एकेक मूल एकेका घरी देत जाते. पायाने अधू असलेला मुलगा मात्र कोणी स्वीकारत नाही. आईच्या मृत्यूनंतर अखेरीस त्यालाही एक घर मिळते.

या चित्रपटांची केवळ शीर्षके शेजारी ठेवली तरी दृष्टिकोनातील फरक लक्षात येतो. अमेरिकन शीर्षक हा आईचा प्रश्न आहे. मल्याळम शीर्षकात आकाशातून येणारा दूत आहे, म्हणजे मृत्यूला दैवी आवरण आहे. तेलुगू शीर्षक तैत्तिरीय उपनिषदातील वचनाचे. तेथे आई देवपदाला जाते. कन्नड शीर्षकात आईच्या आतड्याची हाक आहे. हिंदी शीर्षक हे आईचेच नाव आहे. भारतीय शीर्षकांपैकी केवळ मराठी शीर्षकात मुले येतात. तीही पाखरांच्या रूपात. पाखराची कीव करता येते, त्याला दाणा घालता येतो. त्याचे मत विचारण्याचा प्रश्न उद्भवत नाही. मुलांना शीर्षकात आणूनही मराठी रूपांतराने त्यांना बोलते केले नाही, असे म्हणावे लागते.

‘मातृदेवो भव’ : करुणेचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा

या चित्रपटाचे श्रेय आरंभीच नोंदवले पाहिजे. दारिद्र्य, दारू आणि आजार हे तिन्ही एकाच घरात कसे शिरतात, हे तो प्रामाणिकपणे दाखवतो. माधवी यांचा अभिनय संयत आहे. एम. एम. कीरवाणी यांचे संगीत कथेला तोलून धरते. गळून पडणाऱ्या फुलाच्या प्रतिमेवर आधारलेल्या गीतासाठी वेटूरी सुंदरराम मूर्ती यांना राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला. ‘आकाशदूतु’लाही कुटुंबकल्याणविषयक सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला होता. प्रेक्षक या चित्रपटांना रडले ते उगाच नव्हे.

तथापि त्या गीताचीच प्रतिमा तपासून पाहावी. गळणारे फूल म्हणजे संपत आलेले प्रौढ आयुष्य. शोक त्या आयुष्याचा आहे. ज्या मुलांना पुढे पन्नास-साठ वर्षे परक्या घरात काढायची आहेत, त्यांच्या भयाला असे गीत मिळालेले नाही. चित्रपटाची भावनिक रचनाही तशीच आहे. प्रत्येक मूल निरोप घेते तो प्रसंग आईच्या चेहऱ्यावर संपतो. मूल नव्या घराच्या उंबऱ्यातून आत गेल्यावर पहिल्या रात्री काय झाले, हे जाणून घेण्याची निकड पटकथेला वाटत नाही. घर मिळाले, हा तिच्या लेखी प्रकरणाचा शेवट असतो. मुलाच्या लेखी मात्र ते प्रकरण तेथे सुरू होते.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. आईचा निर्णय भावंडांची ताटातूट करणारा आहे. तिच्यापुढे अन्य मार्ग नव्हता, हे मान्य केले तरी त्या ताटातुटीची किंमत चित्रपट हिशेबात धरत नाही. आईबापाविना वाढणाऱ्या मुलाला भावंड हेच उरलेले घर असते. जुन्या घराची आठवण ज्याच्याशी बोलता येते, असे ते एकमेव माणूस. संयुक्त राष्ट्रसंघाने २००९ मध्ये स्वीकारलेल्या बालकांच्या पर्यायी संगोपनविषयक मार्गदर्शक तत्त्वांत, ज्यांच्यात जिव्हाळ्याचे बंध आहेत अशा भावंडांना तत्त्वतः वेगळे करू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. १९९३ च्या चित्रपटाला २००९ चा दंडक लावणे अन्यायाचे ठरेल, असा आक्षेप येईल. परंतु भावंडांची ओढ मार्गदर्शक तत्त्वांनी निर्माण केलेली नाही. रानात एकमेकांचा हात धरून चालणारी भावंडे आपल्या लोककथांतही आहेत. चित्रपटकर्त्यांना ती ओढ दिसली होती. निरोपाच्या प्रसंगांत तिचा उपयोगही त्यांनी करून घेतला. फक्त तिला निर्णयात स्थान दिले नाही.

तिसरा मुद्दा अधू मुलाचा. कथेतील सर्वांत धारदार सामाजिक निरीक्षण येथे आहे. दत्तक घेऊ इच्छिणारी माणसे चांगली आहेत, पण त्यांचा चांगुलपणा निवड करतो. देखणे, लहान, निरोगी मूल आधी जाते. लुसिल फ्रे यांच्या कहाणीतही अपस्मार असलेल्या मुलाला घर मिळणे अवघड गेले होते. म्हणजे आयोवा असो की आंध्र, दयेचा बाजार सारखाच चालतो. या ठिकाणी चित्रपट आपल्याला बोचेल असे काही सांगण्याच्या बेतात असतो. आणि नेमक्या त्याच वेळी आईच्या मृत्यूमुळे एका घराचे मन द्रवते व त्या मुलाचा प्रश्न सुटतो. ज्या प्रश्नाचे उत्तर समाजाने द्यावयाचे, ते एका मृत्यूकडून वसूल केले जाते.

‘मी सिंधुताई सपकाळ’ : एका आईची अनेक मुले

अनंत महादेवन दिग्दर्शित ‘मी सिंधुताई सपकाळ’ हा याच प्रश्नाला दिलेला मराठी प्रतिसाद म्हणून पाहता येतो. तेलुगू चित्रपटातील आई आपली मुले अनेक घरांत वाटते. येथील आई अनेकांची मुले एका घरात गोळा करते. वर्धा जिल्ह्यात १४ नोव्हेंबर १९४८ रोजी जन्मलेल्या, घरातून हाकलल्या गेलेल्या, गोठ्यात प्रसूत झालेल्या आणि पुढे पुणे परिसरात अनाथांच्या संस्था उभ्या करणाऱ्या सिंधुताईंचे चरित्र सुपरिचित आहे. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि ४ जानेवारी २०२२ रोजी त्यांचे निधन झाले. चित्रपटात तरुण सिंधुताई तेजस्विनी पंडित यांनी, तर उत्तरायुष्यातील सिंधुताई ज्योती चांदेकर यांनी साकारल्या. राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कार चित्रपटास, संवादांसाठीचा संजय पवार यांना आणि पार्श्वगायनाचा सुरेश वाडकर यांना मिळाला.

या चित्रपटाचे वेगळेपण असे, की येथे अनाथपण हे दैवाचे दान म्हणून येत नाही. ते माणसांनी घडवलेले आहे. नवऱ्याचा संशय, सावकारी मस्ती, माहेरचे बंद दार यांतून एक स्त्री प्रथम स्वतः अनाथ होते आणि मग अनाथांची माय होते. हा कार्यकारणभाव ‘मातृदेवो भव’पेक्षा अधिक सखोल आहे. आपल्या पोटच्या मुलीला त्यांनी पुण्यातील श्रीमंत दगडूशेठ हलवाई गणपती ट्रस्टच्या आधाराने वाढू दिले. आपले आणि परके असा भेद मनात येऊ नये हा त्यामागचा हेतू. मराठी माणसाला हा प्रसंग त्यागाचा कळस वाटतो आणि तो आहेही. परंतु मुलीच्या बाजूने पाहिले तर इतरांना आई मिळावी म्हणून एका मुलीची आई दूर गेली, असे त्याचे दुसरे रूप दिसते. हे दुसरे रूप पेलण्याइतका वेळ चित्रपटापाशी नाही. त्याचा मोठा भाग सिंधुताईंच्या संघर्षाने व्यापला आहे. चरित्रपटाची ती गरज असेल. तरी परिणाम असा होतो, की मुले येथे समूह म्हणून राहतात. आईचा चेहरा लख्ख आहे, मुलांचे चेहरे धूसर.

‘नाळ’ : मुलाच्या उंचीवरून दिसणारे घर

‘नाळ’चे दिग्दर्शक सुधाकर रेड्डी यक्कंटी हे तेलुगूभाषक आहेत. ‘देऊळ’ व ‘सैराट’ यांचे छायालेखक म्हणून मराठी प्रेक्षक त्यांना ओळखतो. तेलुगू माणसाने मराठीत येऊन अशाच विषयावर चित्रपट करावा आणि त्याने ‘मातृदेवो भव’ची दिशाच उलटी करावी, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे.

विदर्भातील नदीकाठच्या खेड्यात चैत्या हा मुलगा आईवडिलांच्या लाडात वाढतो आहे. घरी आलेला एक नातेवाईक सहज बोलून जातो, की ही तुझी खरी आई नव्हे. चैत्याचे घर त्या वाक्यानंतरही जागच्या जागी आहे. जेवण, शाळा, अंथरूण यांत काही बदललेले नाही. तरीही तो बेघर होतो. अनाथपणाची इतकी सूक्ष्म व्याख्या मराठी चित्रपटात पूर्वी क्वचितच झाली असेल. पुढे तो पुरावे गोळा करू लागतो. आईच्या प्रत्येक शब्दाला, प्रत्येक रागाला तो नवा अर्थ लावतो. गोठ्यातील दुभत्या जनावराचे पिल्लू मरते आणि पेंढा भरलेले कातडे पुढे ठेवून पान्हा आणला जातो, हे तो पाहतो. खरे आणि मानलेले यांतील संबंधाचा तो धडा कोणीही त्याला समजावून सांगत नाही, प्रेक्षकालाही नाही. अखेरीस जन्मदात्री आई घरी येते. तिच्या एका हाकेची, एका स्पर्शाची तो वाट पाहतो. ते घडत नाही. आणि जिने वाढवले तिच्याकडे तो वळतो.

येथे घर कोणी देत नाही. मूल ते मानते. दत्तकविधान कागदावर कधीच झालेले असते, पण ते पूर्ण होते ते या वळण्यात. श्रीनिवास पोकळे या बालकलाकारास मिळालेला राष्ट्रीय पुरस्कार आणि दिग्दर्शकास मिळालेला पदार्पणाचा पुरस्कार हे या दृष्टिकोनाचेही यश म्हणता येईल. २०२३ च्या ‘नाळ भाग २’मध्ये चैत्या जन्मदात्या कुटुंबातील भावंडांना भेटतो. ‘मातृदेवो भव’मध्ये वाटली गेलेली भावंडे पुढे एकमेकांना भेटली असती तर काय झाले असते, या तीस वर्षे अनुत्तरित राहिलेल्या प्रश्नाकडे मराठी चित्रपट येथे वळतो.

‘नाळ’लाही मर्यादा आहे. चैत्याचे घर सुस्थितीतील आहे. त्याला निवड करता येते, कारण दोन्ही बाजूंना आई आहे. ज्याला एकही बाजू नाही अशा मुलाचा चित्रपट अद्याप व्हावयाचा आहे.

जनाबाईंची कसोटी

मुलाच्या बाजूने बोलणे ही आधुनिक, पाश्चात्त्य कल्पना आहे, असे कोणी म्हणेल. त्यास आपल्याच मातीतून उत्तर देता येते. हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. शेजारच्या परभणी जिल्ह्यातील गंगाखेडची जनाबाई आईच्या मृत्यूनंतर लहानपणीच नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी पंढरपुरास पोहोचली, असे परंपरा सांगते. म्हणजे घर शोधणाऱ्या अनाथ मुलीची कथा या भागात सातशे वर्षे जुनी आहे. तिला घर मिळाले ते दासीपणाच्या अटीवर. दळण, कांडण, पाणी ही त्या घराची किंमत होती. जनाबाईंनी ती लपवली नाही. आपण नामदेवांच्या घरची दासी आहोत, हे त्यांनी अभंगांच्या नाममुद्रेतच नोंदवून ठेवले. आणि त्याच अभंगांत विठ्ठलाला कधी आई, कधी सखा मानून, कधी त्याच्याशी भांडून त्यांनी आपले नाते आपणच जोडले.

अनाथ मुलाचा स्वतःचा आवाज मराठी वाङ्मयात चौदाव्या शतकातच उमटला आहे. आश्रय आणि घर यांतील फरकही त्या आवाजाला ठाऊक आहे. या कसोटीवर ‘मातृदेवो भव’ आणि ‘चिमणी पाखरं’ हे आश्रयाचे चित्रपट ठरतात, ‘मी सिंधुताई सपकाळ’ हा आश्रयदात्रीचा, तर ‘नाळ’ हा घराचा. नरसीच्या परिसरात राहणाऱ्या वाचकाला या कसोटीसाठी दूर जावे लागू नये.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) ‘मातृदेवो भव’ व त्याच्या अन्य भाषांतील आवृत्त्या आईच्या वेदनेचे प्रभावी चित्रण करतात, मात्र मुलाला घर मिळण्याची प्रक्रिया त्या प्रौढांच्या निर्णयापाशी संपवतात.

२) भावंडांची ताटातूट व अपंग मुलाचा नकार हे या कथेतील खरे सामाजिक प्रश्न आहेत. मेलोड्रामाची रचना त्यांना स्पर्श करते व मृत्यूच्या प्रसंगाने मिटवून टाकते.

३) मराठी चित्रपटाने २०१० ते २०२३ या काळात आश्रयदात्रीकडून मुलाकडे असा दृष्टीचा प्रवास केला. त्याची मुळे जनाबाईंच्या परंपरेत शोधता येतात.

समारोपादाखल एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. २०१५ च्या बालन्याय अधिनियमानुसार दत्तकाचा आदेश देताना मुलाचे वय व समज लक्षात घेऊन त्याच्या इच्छेचा योग्य विचार व्हावा लागतो, आणि २०२१ च्या दुरुस्तीने हा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे आला. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षण व नोकरीत एक टक्का आरक्षणाचा निर्णय घेतला. कायदा मुलाला विचारू लागला आहे. आपण, शिक्षक म्हणून, अद्याप प्रवेश अर्जातील ‘पालकाचे नाव’ या रकान्यापाशी थांबतो. तेथे आजीचे, मामाचे किंवा वसतिगृहाच्या अधीक्षकाचे नाव लिहिणारा विद्यार्थी क्षणभर घुटमळतो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्या घुटमळण्यात चैत्याची संपूर्ण कथा सामावलेली असते. चित्रपटाने आपल्याला रडवले, हे त्याचे यश मानावे; तो पाहून परतल्यावर त्या रकान्यासमोर उभ्या असलेल्या मुलाला घाई न करता, त्याला जे नाव लिहावेसे वाटते ते लिहू देणे, एवढे आपल्या हाती निश्चित आहे.